नियोजन चौथ्या वर्षापासून सुरू करा: ग्रामीण सामुदायिक इंटरनेट केंद्र टिकवण्याची रीत

ग्रामीण भागातील सामुदायिक इंटरनेट केंद्र पहिल्या वर्षी सहसा बंद पडत नाही. त्या काळात यंत्रे नवी असतात, जोडणीचे शुल्क अनुदानातून भरले जाते, उद्घाटनाच्या वेळचा उत्साह टिकून असतो आणि काही बिघडलेच तर पुरवठादाराची हमी लागू असते. केंद्र अडखळू लागते ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी. बॅटऱ्या चार्ज धरेनाशा होतात, निम्मे संगणक कोपऱ्यात झाकून ठेवावे लागतात, अनुदानाची मुदत संपते आणि प्रशिक्षण घेतलेला चालक शहरात नोकरीला निघून जातो. या चारही गोष्टी घडणार आहेत हे पहिल्या दिवशीच माहीत असते. म्हणून केंद्राचे नियोजन उद्घाटनापासून पुढे मोजत न जाता चौथ्या वर्षापासून मागे मोजत यावे, असे माझे ठाम मत आहे. या लेखात त्याच क्रमाने काय करावे ते मांडले आहे.

सामुदायिक केंद्राची कल्पना जुनी आहे. स्वीडनमधील वेमदालेन या दुर्गम गावात १९८५ मध्ये असे एक केंद्र सुरू झाले आणि महागडी यंत्रे घरोघरी परवडत नसतील तर ती गावाने मिळून वापरावीत, हा त्यामागचा साधा विचार होता. आता यंत्रांची टंचाई तेवढी राहिलेली नाही. अनेक घरांत मोबाइल पोहोचला आहे. तरीही छोट्या पडद्यावर लांबलचक अर्ज भरणे, कागदपत्रे स्कॅन करून ठरावीक आकारात चढवणे, मुलाखत देणे किंवा एखादा अभ्यासक्रम पूर्ण करणे अनेकांना जमत नाही. केंद्राची गरज उरली आहे ती या ठिकाणी, आणि टिकाऊपणाचा विचारही येथूनच सुरू करावा लागतो.

गरज कशी तपासावी

‘तुम्हाला इंटरनेट केंद्र हवे आहे का?’ असा प्रश्न विचारला तर प्रत्येक जण होकार देतो आणि त्या होकाराला काहीही किंमत नसते. त्याऐवजी गेल्या सहा महिन्यांत घरातील कोण, कोणत्या कामासाठी, किती वेळा गावाबाहेर गेले, त्यात किती वेळ गेला, प्रवासाला काय खर्च आला आणि काम पहिल्याच खेपेस झाले का, हे विचारावे. साठ-सत्तर घरांतून अशी उत्तरे मिळाली की कामांची एक यादी आपोआप तयार होते. त्यातील जी कामे इंटरनेट, प्रिंटर आणि जाणकार माणूस या तिघांच्या मदतीने गावातच होऊ शकतात, तीच केंद्राची खरी मागणी होय. ही विचारपूस करताना स्त्रिया, वृद्ध आणि वस्तीच्या टोकाला राहणारे लोक यांच्याशी स्वतंत्रपणे बोलावे, कारण चौकात जमलेल्या पुरुषांच्या उत्तरांवरून सगळ्या गावाचा अंदाज बांधला तर तो हमखास चुकतो.

या तपासणीतून कधी कधी असेही दिसते की केंद्राची गरजच नाही, किंवा आपण कल्पिले आहे तेवढ्या मोठ्या केंद्राची गरज नाही. महाराष्ट्रातील वारणा खोऱ्यात १९९८ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात गावोगावी संगणक ठेवण्यात आले होते. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आले की शेतकरी त्यांचा उपयोग प्रामुख्याने उसाच्या वजनाची, देयकांची आणि तत्सम माहिती मिळवण्यासाठी करतात. काही गावांत मग साध्या मोबाइलवरील लघुसंदेशांद्वारे तेच काम पुष्कळ कमी खर्चात करून दाखवण्यात आले. सहा संगणकांची खोली आणि एक मोबाइल यांपैकी जे पुरेसे असेल ते निवडण्यात कमीपणा नाही. युगांडातील नाकासेके येथे १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांच्या मदतीने सुरू झालेल्या केंद्रातही इंटरनेटबरोबर दूरध्वनी, छायाप्रती, वाचनालय आणि प्रशिक्षण या सेवा ठेवलेल्या होत्या, आणि गावकऱ्यांना आधी उपयोगी पडल्या त्या याच साध्या सेवा.

चौथ्या वर्षाचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घेऊन बसावे. कोणत्याही देशाचे चलन न घेता आपण केवळ ‘एकक’ असा शब्द वापरू. वाचकाने त्या जागी आपल्याकडील प्रत्यक्ष दर घालावेत.

प्रथम प्रत्येक वस्तूची किंमत आणि तिचे अपेक्षित आयुष्य लिहावे. समजा, पाच लॅपटॉपची एकत्र किंमत २४० एकक आहे आणि ते ४ वर्षे चालतील. म्हणजे त्यांच्या बदलीसाठी दरमहा ५ एकक बाजूला पडले पाहिजेत. ७२ एकक किमतीच्या बॅटऱ्या ३ वर्षे टिकतील असे धरल्यास दरमहा २ एकक, ३६ एककांचा प्रिंटर ३ वर्षे चालला तर दरमहा १ एकक, राउटर, तारा आणि इतर किरकोळ साहित्य २४ एककांचे असून ४ वर्षे टिकले तर दरमहा अर्धा एकक लागतो. सौरपट (सोलर पॅनेल) २०० एककांचे असले तरी ते २० वर्षे काम देतात, त्यामुळे त्यांचा मासिक भार एका एककापेक्षाही कमी येतो. ही सगळी बेरीज सुमारे साडेनऊ एकक होते. हा घसारा निधी, म्हणजे झिजणाऱ्या वस्तू पुढे बदलण्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम होय, आणि माझ्या मते केंद्राच्या हिशेबातील सर्वांत महत्त्वाची ओळ हीच आहे.

त्यानंतर दरमहा होणारा खर्च लिहावा. चालकाचे मानधन ३० एकक, जोडणी ८, जागा ४, दुरुस्ती ३, वीज २ आणि स्वच्छता, विमा, लेखनसाहित्य वगैरे मिळून साडेतीन, असे साडेपन्नास एकक होतात. कागद आणि शाई मुद्दाम यात धरलेली नाही, कारण ती जेवढे काम होईल तेवढीच लागते. ती प्रत्येक कामाच्या शुल्कातून आधीच वजा करावी. घसारा मिळवला की महिन्याचा एकूण भार ६० एकक होतो. केंद्र महिन्यातून २५ दिवस उघडे राहणार असेल तर दिवसाला २.४ एकक निव्वळ मिळकत हवी. एका व्यक्तीच्या एका कामामागे कागद-शाई वगळून सरासरी ०.०८ एकक उरत असतील, तर रोज ३० कामे झाली पाहिजेत, म्हणजे महिन्याला ७५०.

हा आकडा गावाशी ताडून पाहावा. परिसरात ६०० कुटुंबे असतील तर प्रत्येक कुटुंबाला चार महिन्यांत सरासरी पाच वेळा केंद्रात काम पडले पाहिजे. पहिल्या टप्प्यातील विचारपुशीतून हे शक्य वाटते का? वाटत असेल तर पुढे जावे. वाटत नसेल तर तीन मार्ग उरतात: शेजारच्या गावांना सामावून घेऊन कुटुंबांची संख्या वाढवावी, केंद्र लहान करून भार कमी करावा, किंवा उरलेली तूट कोण आणि किती वर्षे भरून काढणार हे लेखी ठरवावे. सार्वजनिक हिताच्या कामासाठी कायमचे अनुदान घेण्यात गैर काहीच नाही. वाचनालये आणि आरोग्यकेंद्रे अशीच चालतात. धोका असतो तो ‘काही दिवसांनी केंद्र आपोआप स्वावलंबी होईल’ या आशेवर तूट मोघम सोडून देण्यात.

घसाऱ्याची रक्कम कागदावर दाखवून भागत नाही. ती दर महिन्याच्या ठरावीक तारखेला वेगळ्या बँक खात्यात जमा व्हावी आणि त्या खात्यातून पैसे काढण्यासाठी दोन व्यक्तींच्या सह्या लागाव्यात. अडचणीच्या महिन्यात सर्वांत आधी हात जातो तो याच रकमेकडे, कारण ती न भरल्याने उद्या सकाळी काहीच बंद पडत नाही. दान म्हणून मिळालेल्या यंत्रांसाठीही घसारा मोजावा. यंत्र फुकट मिळाले असले तरी त्याच्या जागी येणारे दुसरे यंत्र फुकट मिळेलच असे नाही.

उत्पन्न कोठून येईल

केवळ इंटरनेट वापराचा वेळ विकून केंद्र चालवण्याचा काळ मोबाइलच्या प्रसाराने मागे पडला आहे. लोक पैसे देतात ते पूर्ण झालेल्या कामाचे: भरलेला अर्ज, मिळालेला दाखला, छापलेले प्रवेशपत्र, पाठवलेली रक्कम, दुरुस्त झालेले नाव. म्हणून दरपत्रकही तासाप्रमाणे न करता कामाप्रमाणे करावे आणि ते केंद्राच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावावे. दर जाहीर नसला की प्रत्येक ग्राहकाला आपली फसवणूक झाल्याची शंका येते, आणि अशी शंका एकदा रुजली की ती निघणे कठीण असते.

कामांचे स्थूलमानाने तीन गट पडतात. पहिला गट रोजच्या छोट्या कामांचा: छायाप्रती, स्कॅन, छपाई, फोटो, लॅमिनेशन. यात कौशल्य कमी लागते, पण रोजची रोख यातूनच येते. दुसरा गट अर्ज, परवाने, देयके, बँकव्यवहार यांचा. यात शुल्क जास्त मिळते, मात्र काम हंगामी असते. शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशाच्या दिवसांत रांग लागते आणि नंतर खोली रिकामी पडते. तिसरा गट संस्थांकडून मिळणाऱ्या कामाचा, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे मला वाटते. गावातील शाळा, दवाखाना, सहकारी संस्था, दूध संकलन करणारी मंडळी, स्थानिक स्वराज्य संस्था या सर्वांना माहिती भरणे, अहवाल छापणे, ऑनलाइन बैठकीसाठी जागा आणि स्थिर जोडणी लागतेच. अशा दोन-तीन संस्थांशी वार्षिक करार करून दरमहा ठरावीक रक्कम घेतली तर चालकाच्या मानधनाचा मोठा भाग ग्राहक येवोत वा न येवोत सुटतो. केंद्र उघडण्यापूर्वी असे किमान दोन करार हातात असावेत.

उत्पन्नाचा एकच मोठा झरा मात्र धोक्याचा असतो. केरळमध्ये २००२ साली मलप्पुरम जिल्ह्यातून सुरू झालेल्या ‘अक्षय’ योजनेत प्रत्येक कुटुंबातील किमान एका व्यक्तीला संगणकाची प्राथमिक ओळख करून देण्याचे काम केंद्रांना मिळाले. त्या प्रशिक्षणाच्या शुल्कामुळे केंद्रांना आरंभीचा आधार लाभला; परंतु असे प्रशिक्षण स्वभावतःच एक दिवस संपणारे असते आणि त्यानंतर केंद्रांना इतर सेवांकडे वळावेच लागते. सरकारी कामाचे कंत्राट, एखाद्या संस्थेचा प्रकल्प किंवा एकाच योजनेचे अर्ज यांतून निम्म्याहून अधिक मिळकत होत असेल, तर ते काम उद्या थांबल्यास काय करायचे याचा विचार आजच करावा.

कधी कधी उत्पन्न अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडते. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातील मांकोसी येथे गावकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर स्वतःचे बिनतारी जाळे उभारले, तेव्हा त्या जाळ्याच्या सौरऊर्जेवर लोकांचे मोबाइल चार्ज करून देणे हा उत्पन्नाचा एक मार्ग ठरला, कारण परिसरात विजेची वानवा होती. आपल्या परिसरात कशाची वानवा आहे, हे त्या-त्या ठिकाणच्या लोकांनाच ठाऊक असते.

ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांचा प्रश्न दरपत्रकात सूट देऊन सुटत नाही. त्यापेक्षा आठवड्यातील ठरावीक वेळ विनामूल्य ठेवावा, त्या वेळेचा खर्च एखाद्या संस्थेकडून किंवा दात्याकडून वेगळा मिळवावा आणि तो हिशेबात स्वतंत्रपणे दाखवावा. सवलत चालकाच्या मर्जीवर सोडली की ती ओळखीच्या लोकांनाच मिळत राहते.

चालक

यंत्रे बदलता येतात, जागा बदलता येते, सेवाही बदलता येतात. लोक मात्र केंद्रात येतात ते तेथे बसलेल्या माणसावर विश्वास ठेवून. म्हणून अंदाजपत्रकातील सर्वांत मोठी रक्कम चालकासाठी असणे योग्यच आहे आणि तेथे काटकसर करणे महागात पडते. स्वयंसेवकांच्या भरवशावर रोज सहा तास केंद्र उघडे ठेवता येत नाही.

निवड करताना संगणकाच्या ज्ञानापेक्षा धीर, सभ्यता आणि गावात राहण्याची इच्छा यांना अधिक वजन द्यावे. संगणक शिकवता येतो. सर्वाधिक शिकलेला तरुण पहिली संधी मिळताच गाव सोडण्याची शक्यता असते, तर गावातच संसार असलेली, जेमतेम शालेय शिक्षण झालेली एखादी स्त्री पुढे दहा वर्षे हे काम जिव्हाळ्याने करू शकते. बांगलादेशात २०१० मध्ये स्थानिक परिषदांच्या पातळीवर देशभर माहिती व सेवा केंद्रे सुरू झाली, तेव्हा प्रत्येक केंद्रासाठी एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन उद्योजक असावेत अशी रचना ठेवण्यात आली. दोघे असण्याचा लाभ दुहेरी आहे. एक आजारी पडला तरी दार उघडे राहते, आणि स्त्री समोर बसलेली असेल तर इतर स्त्रिया व मुली निःसंकोच आत येतात. दोन पूर्ण मानधने परवडत नसतील तर एक पूर्णवेळ आणि एक अर्धवेळ व्यक्ती नेमावी, पण एकाच माणसावर केंद्र टांगून ठेवू नये.

मोबदल्याची रचना मिश्र असावी. ठरावीक मानधनामुळे चालकाला मंदीच्या महिन्यात तग धरता येतो, तर कामाच्या उत्पन्नातील वाट्यामुळे नवे काम शोधण्याची प्रेरणा राहते. केवळ वाट्यावर ठेवले तर चालक कमी पैशांची पण आवश्यक कामे टाळू लागतो, आणि निरक्षर वृद्धाच्या अर्जापेक्षा दहा छायाप्रतींना प्राधान्य मिळते.

चालकाच्या प्रशिक्षणात गोपनीयतेला सर्वांत वरचे स्थान द्यावे. लोक आपला बँक खात्याचा क्रमांक, आजाराचे अहवाल, मुलांचे निकाल आणि मोबाइलवर आलेला ओटीपी या माणसाच्या हाती सोपवतात. त्यासाठी काही नियम लेखी असावेत. कोणाचाही पासवर्ड वहीत लिहून ठेवू नये. ओटीपी ग्राहकाने स्वतः भरावा किंवा आपल्यासमोर भरून घ्यावा. स्कॅन केलेली कागदपत्रे त्याच दिवशी सायंकाळी संगणकातून पुसून टाकावीत. छपाई बिघडलेले कागद रद्दीत न देता फाडून नष्ट करावेत. प्रत्येक पैशाच्या व्यवहाराची पावती द्यावी. समोरच्याला अक्षरओळख नसेल तर अर्ज पाठवण्यापूर्वी त्यातील मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा. एखाद्याच्या खात्यातून पैसे गेल्याची एक घटना घडली, तर वर्षानुवर्षे कमावलेला विश्वास एका दिवसात संपतो.

चालक जाणार हे गृहीत धरून कामाची एक वही ठेवावी. कोणते संकेतस्थळ कोणत्या कामासाठी, कोणती कागदपत्रे लागतात, फाइल किती आकाराची चालते, राउटर पुन्हा सुरू कसा करायचा, तक्रार कोणत्या क्रमांकावर नोंदवायची, हे सारे त्यात लिहिलेले असावे. नवा माणूस त्या वहीच्या आधारे दोन आठवड्यांत काम सांभाळू शकला पाहिजे.

वीज, यंत्रे आणि जोडणी

विजेचा अंदाज वॅट-तासांत, म्हणजे वॅटला तासांनी गुणून काढावा. एक लॅपटॉप सुमारे ४० वॅट घेतो असे धरले तर पाच लॅपटॉप सहा तास चालवण्यास १,२०० वॅट-तास लागतात. राउटर व जोडणीचे उपकरण १५ वॅटने दहा तास चालले तर १५०, दिवे आणि पंखे मिळून ८० वॅटने पाच तासांत ४००, आणि शाईच्या टाकीचा प्रिंटर २० वॅटने दोन तासांत ४०. बेरीज सुमारे १,८०० वॅट-तास होते. याच जागी पडद्यासह प्रत्येकी १२० वॅट घेणारे पाच डेस्कटॉप ठेवले तर केवळ त्यांनाच ३,६०० वॅट-तास लागतील. लॅपटॉपची किंमत जास्त वाटली तरी बॅटरी आणि सौरपटांचा खर्च वाचल्यामुळे अस्थिर विजेच्या ठिकाणी तो स्वस्त पडतो, शिवाय वीज अचानक गेली तरी अर्धा भरलेला अर्ज वाया जात नाही.

एक दिवसाची वीज साठवायची असेल तर बॅटरीचे गणित असे करावे. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून १,८०० वॅट-तासांसाठी ३,६०० वॅट-तास क्षमता हवी. म्हणजे १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते आणि पुष्कळ जास्त वर्षे टिकते, त्यामुळे सुरुवातीची किंमत अधिक असली तरी घसाऱ्याच्या ओळीत ती अनेकदा हलकी पडते. दोन्हींचा मासिक घसारा काढून मगच निवड करावी. लेझर प्रिंटर तापताना काही क्षण हजार वॅटच्या आसपास वीज ओढतो, म्हणून छोट्या इन्व्हर्टरवर तो लावू नये. अर्थिंग नीट करणे आणि विजेच्या लाटेपासून बचाव करणारे उपकरण बसवणे या दोन कामांत चालढकल करू नये. एका वादळी रात्रीत सगळी यंत्रे जळू शकतात.

जुने दान मिळालेले संगणक घेण्यापूर्वी त्यांची बॅटरी, कळफलक आणि साठवण तपासावी. विंडोज १० चे नियमित सुरक्षा साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, त्यामुळे पुढील आवृत्ती न चालणारी अनेक यंत्रे आता दानात येत राहतील. त्यांवर लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली बसवल्यास ती आणखी काही वर्षे निर्धास्त वापरता येतात. मात्र लोकांना ज्या संकेतस्थळांवर काम करायचे आहे आणि चालकाला जे बोटठशाचे किंवा स्कॅनचे उपकरण जोडायचे आहे, ते त्यावर चालते का, हे आधी पाहून घ्यावे. सर्व यंत्रे शक्यतो एकाच प्रकारची असावीत, म्हणजे बंद पडलेल्या एकाचे सुटे भाग इतरांच्या कामी येतात.

जोडणीच्या बाबतीत जाहिरातीतील वेगापेक्षा महिन्यातील किती तास ती बंद असते हे महत्त्वाचे आहे. फायबर मिळत असेल तर तोच घ्यावा आणि मोबाइल जाळ्याची दुसरी जोडणी राखीव ठेवावी. उपग्रहाचा पर्याय घेताना त्याची कक्षा विचारावी: भूस्थिर उपग्रह (पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणारा) ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असल्याने संदेश जाऊन येण्यास अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो आणि ऑनलाइन संभाषण अडखळते, सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांच्या जोडणीत ही अडचण जाणवत नाही, पण तिचा ग्राहक-संच अधिक वीज घेतो आणि ती वीज वरच्या बेरजेत धरावी लागते. जोडणी बंद असतानाही केंद्र रिकामे राहू नये म्हणून किविक्स या सॉफ्टवेअरद्वारे विकिपीडिया आणि कोलिब्री या सॉफ्टवेअरद्वारे शालेय अभ्यासाचे साहित्य एका छोट्या संगणकावर साठवून ठेवता येते. मुले ते इंटरनेटशिवाय वापरू शकतात. संगणकप्रणालीची मोठी अद्यतने रात्री होतील अशी मांडणी केली तर दिवसा ग्राहकांना पुरेसा वेग मिळतो.

केंद्राच्या मागे उभी असलेली कार्यालये

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात जानेवारी २००० मध्ये ‘ज्ञानदूत’ प्रकल्प सुरू झाला. त्याच्या सूचनालयांतून, म्हणजे गावांतील संगणक केंद्रांतून, बाजारभाव, जमिनीचे उतारे, दाखल्यांचे अर्ज आणि तक्रारी अशा सेवा मिळत, आणि त्याच वर्षी त्याला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कारही मिळाला. तरीही नंतरच्या पाहण्यांमध्ये वापर अपेक्षेपेक्षा फार कमी आढळला. वीज आणि दूरध्वनी जोडणीच्या अडचणी तर होत्याच. या अनुभवातून घ्यायची गोष्ट अशी की पुरस्कार आणि टिकाऊपणा यांचा परस्परांशी फारसा संबंध नसतो. केंद्रातून पाठवलेला अर्ज ज्या कार्यालयात जातो तेथे तो मुदतीत हाताळला गेला नाही, तर ग्राहकाच्या दृष्टीने केंद्रच निकामी ठरते. म्हणून ज्या सेवांचे अर्ज घ्यायचे त्या प्रत्येक कार्यालयाशी आधी बोलून मुदत आणि संपर्काची व्यक्ती ठरवावी, अर्जांची नोंदवही ठेवावी, प्रलंबित अर्जांची यादी दर पंधरा दिवसांनी त्या कार्यालयाला द्यावी. हा संबंध एका उत्साही अधिकाऱ्याच्या शब्दावर ठेवू नये, कारण अधिकारी बदलतात. लेखी आदेश किंवा करार घ्यावा. ज्या सेवेचे अर्ज वारंवार अडकतात ती सेवा काही काळ बंद ठेवणे आणि तसे फलकावर प्रामाणिकपणे लिहिणे हेच केंद्राच्या हिताचे असते.

मालकी आणि देखरेख

समिती पाच ते सात जणांची पुरे. तिच्यात नियमित ग्राहक, शिक्षक, व्यापार किंवा हिशेब जाणणारी एखादी व्यक्ती आणि किमान निम्म्या स्त्रिया असाव्यात. यंत्रे, खाते आणि जोडणी कोणाच्या नावावर आहेत हे कागदावर स्पष्ट असावे. ही बाब क्षुल्लक वाटते, परंतु चालक सोडून गेल्यावर जोडणी त्याच्याच नावावर असल्याचे उघड झाले की केंद्र महिनाभर बंद राहू शकते. जमाखर्च दर तीन महिन्यांनी गावासमोर वाचून दाखवावा आणि त्यात घसारा खात्याची शिल्लक आवर्जून सांगावी.

समितीने दरमहा पाहावे असे आकडे मोजकेच आहेत: किती दिवस केंद्र उघडे राहिले, किती तास जोडणी बंद होती, किती कामे झाली, त्यांपैकी स्त्रियांची किती, प्रलंबित अर्ज किती आणि घसारा जमा झाला की नाही. सलग तीन महिने घसारा जमा झाला नाही, तर रोख शिल्लक दिसत असली तरी केंद्र तोट्यात आहे असे समजून लगेच बैठक घ्यावी. त्या बैठकीत दर वाढवणे हा पहिला उपाय नसावा. आधी वेळ बदलून पाहावी, कारण लोक शेतावर किंवा कामावर असताना उघडे आणि ते घरी परतल्यावर बंद असलेले केंद्र पुष्कळदा एवढ्यानेच सावरते. त्यानंतर चालू नसलेल्या सेवा कमी कराव्यात, यंत्रांची संख्या घटवावी, किंवा शाळा वा वाचनालयाच्या खोलीत स्थलांतर करून जागेचा भार वाचवावा.

एवढे करूनही वर्षभर तूट राहिली आणि ती भरून काढणारे कोणी नसेल, तर केंद्र फिरते करण्याचा विचार करावा: दोन लॅपटॉप, एक प्रिंटर आणि मोबाइल जोडणी घेऊन चालकाने आठवड्याच्या ठरलेल्या वारी ठरलेल्या गावी बसावे. तेही शक्य नसेल आणि केंद्र बंदच करायचे ठरले, तर किमान एक महिना आधी फलक लावावा, प्रलंबित अर्जांच्या पोचपावत्या ज्यांच्या त्यांना परत द्याव्यात, संगणकांतील सर्व माहिती कायमची पुसावी, जुन्या बॅटऱ्या अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे सोपवाव्यात, आणि घसारा खात्यातील शिल्लक व चालू स्थितीतील यंत्रे शाळेकडे किंवा वाचनालयाकडे समितीच्या ठरावाने हस्तांतरित करावीत.